माळ लॉकरमध्ये ठेवून मी उंदरांच्या खोलीत जाते

ताई, नमस्कार.

मी घणसोलीत राहते, वय २७. एम.एस्सी. झाल्यावर महापे एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये लागले. नवं औषध माणसाला देण्याआधी उंदरांना देऊन बघतात, ते काम आमच्याकडे चालतं. डोस देणं, वजन घेणं, रक्त काढणं आणि स्टडी संपली की सॅक करणं, म्हणजे त्यांना मारणं.

घर माळकरी. अण्णा वाशी मार्केटला माथाडी होते, धान्य बाजारात. गाव साताऱ्याकडे. आषाढीला माउलींच्या पालखीबरोबर ते अजूनही चालतात. मी बारावीनंतर माळ घातली, स्वतःच्या मनाने. अ‍ॅनिमल हाउसमध्ये जाताना अंगावर काही चालत नाही, म्हणून रोज सकाळी माळ काढून डबीत आणि डबी लॉकरमध्ये. अण्णांना वाटतं मी कॉम्प्युटरवर रिपोर्ट करते. आईला माहीत आहे. ती म्हणते, नको सांगूस, त्यांच्या जिवाला लागेल.

एकादशीला सॅक आला तर मी ड्यूटी बदलून घेते. त्यावरून लॅबमध्ये चेष्टा होते. एक सिनियर म्हणाले, "सायंटिस्ट व्हायचं तर माळ सोड, माळकरी राहायचं तर नोकरी सोड." यंदा गणपतीत मूषकापुढे मोदक ठेवताना हात अडखळला. मागच्या स्टडीत हाय डोसची एक मादी शुक्रवारपासून कोपऱ्यात आक्रसून बसली होती, डोळ्यांभोवती लाल झालं होतं, पण टर्मिनल सॅक सोमवारी होता म्हणून तसंच चालू ठेवलं. हे असं किती वर्षं करायचं कळत नाही.

मी देव मानते, उत्क्रांतीही मानते. मोठमोठे शास्त्रज्ञ हे कसं जुळवून घेतात? मी ढोंगी आहे का? सोडू का नोकरी?

— घणसोलीची एक वाचक

*

तुझ्या पत्रात प्रश्न भरपूर आहेत. पण माझी नजर अडली ती अशा एका वाक्यावर, ज्याला तू प्रश्नचिन्हही दिलेलं नाहीस. ती हाय डोसची मादी. शुक्रवार ते सोमवार.

मी पशुवैद्य. परळला शिकले, संसार ठाण्यात केला आणि नोकरीतला बराचसा काळ प्रयोगशाळेतल्या प्राण्यांची डॉक्टर म्हणून गेला. त्यामुळे डोळ्यांभोवतीचं लाल म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत आहे. ते रक्त नसतं. उंदराच्या डोळ्यामागे हार्डेरियन नावाची ग्रंथी असते, तिच्यातून पॉर्फिरिन हे लालसर रंगद्रव्य पाझरतं. धडधाकट उंदीर दिवसभर पुढच्या पंजांनी तोंड पुसत असतो, म्हणून आपल्याला ते दिसत नाही. दुखणं किंवा ताण वाढला की पाझर वाढतो आणि पुसण्याचं त्राण राहत नाही. म्हणजे ती मादी तुमच्याशी बोलतच होती. तुला ते कळलं, म्हणून तर ते पत्रात आलं.

आता तुझ्या लॅबचेच नियम बघ. तुम्ही २८ किंवा ९० दिवसांच्या ज्या स्टडी करता, त्यांच्या ओईसीडी (आर्थिक सहकार्यासाठीची आंतरराष्ट्रीय संघटना) मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलेलं आहे की मरणासन्न किंवा तीव्र वेदनेत असलेला प्राणी दिसला की त्याला लगेच बाहेर काढा, वेदना न देता संपवा आणि नेक्रॉप्सी, म्हणजे शवविच्छेदन, करा. याला ह्यूमेन एंडपॉइंट म्हणतात, हे तुला मी नव्याने सांगत नाहीये. अशा सॅकला तुमच्याकडे 'अनशेड्यूल्ड' म्हणत असतील. त्याने स्टडी बिघडत नाही. उलट जनावर रात्री पिंजऱ्यातच मेलं तर सकाळपर्यंत ऊती कुजायला लागतात आणि पॅथॉलॉजिस्टच्या हाती धड स्लाइड लागत नाही. 'शेड्यूल होतं म्हणून थांबलो' या वाक्यात विज्ञान अजिबात नाही. शनिवार-रविवारी कुणाला तरी बोलवावं लागलं असतं, एवढंच आहे.

तेव्हा तुझ्या सिनियरचं ते टाळ्या घेणारं वाक्य या प्रसंगाला लावून बघ. त्या शुक्रवारी तुझी माळ, तुझ्या स्टडीचा नियम आणि चांगलं विज्ञान हे तिघंही एकाच बाजूला उभे होते. दुसऱ्या बाजूला होती फक्त सुट्टी. श्रद्धा आणि विज्ञान यांचं भांडण तिथे नव्हतंच. तरी तू तो प्रसंग श्रद्धेच्या खात्यात टाकलास, मोदक ठेवताना हात अडखळला म्हणालीस. माझ्या मते हात अडखळला तो त्या मादीमुळे, आणि अडखळला हे बरंच झालं. मात्र मोदकाबद्दल मला पत्र लिहिणं सोपं होतं. तीन दिवसांबद्दल बोलायचं तर लॅबमधल्या कुणाचं तरी नाव घ्यावं लागतं, स्वतःचंही.

पुढच्या वेळेसाठी सांगते. सकाळच्या क्लिनिकल ऑब्झर्व्हेशनच्या शीटवर जे दिसतं ते साध्या शब्दांत आणि वेळेसकट लिही: पाठीला बाक, केस उभे, हालचाल मंद, डोळ्यांभोवती लाल, कालपेक्षा वजन इतकं कमी. खाली सही. जीएलपीच्या, म्हणजे लॅबमधल्या चांगल्या कामाच्या नियमांच्या, जगात 'ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही' असं सगळे म्हणतात ना, त्याची दुसरी बाजू अशी की नोंद झाली की स्टडी डायरेक्टरला गप्प बसता येत नाही. मग लगेच पशुवैद्याला फोन. व्हॉट्सअ‍ॅप नको. मागच्या मादीच्या शीटवर काय लिहिलंय तेही बघ. काहीच लिहिलेलं नसेल तर आता मागची तारीख घालून काही लिहू नकोस, तो निराळाच गुन्हा होईल. पशुवैद्याला तोंडी सांग आणि ही गोष्ट एथिक्स कमिटीच्या पुढच्या बैठकीत मांडायला सांग. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत ही कमिटी असावीच लागते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली आणि १९९८ च्या नियमांखाली. तिच्यात पशुवैद्य असतो, बाहेरच्या संस्थेतला एक शास्त्रज्ञ असतो, प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीचा, सीसीएसईएचा (पूर्वीची सीपीसीएसईए), प्रतिनिधी असतो आणि विज्ञानाशी संबंध नसलेला पण सामाजिक भान असलेला एक सदस्य असतो. लॅबमध्ये नव्याने आलेल्यांना ही कमिटी म्हणजे प्रयोगाच्या परवानगीच्या अर्जावर, फॉर्म बी वर, शिक्का मारणारं टेबल वाटतं. तसं ते अनेक ठिकाणी झालेलंही आहे.

पण तसंच असावं लागतं असं नाही. मी ज्या कमिट्यांवर बसले, त्यातल्या एकीवर बिगर-वैज्ञानिक सदस्य म्हणून ठाण्यातल्या एका मराठी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. पहिल्या बैठकीला त्या चहा-बिस्किटाला हात न लावता कागद वाचत बसल्या होत्या. एक तरुण संशोधक डोस ठरवण्याच्या प्राथमिक चाचणीचा प्रस्ताव मांडत होता. बाईंनी विचारलं, "प्रत्येक गटात दहा का?" तो म्हणाला, "मागच्या वेळी दहाच होते." बाई म्हणाल्या, "ते मी विचारलं नाही." खोलीत शांतता. मग संख्याशास्त्रज्ञाला बोलावलं, त्याने तिथेच हिशेब केला, आणि सहात काम भागतंय असं निघालं. बाई कधी काळी माळ घालत होत्या की नव्हत्या, मला माहीत नाही आणि त्या दिवशी कुणाला त्याची गरजही पडली नाही.

हा प्रश्न अर्थात बाईंच्या आधीही लोकांनी विचारला होता. १९५९ साली रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन गोष्टी मांडल्या: प्राण्याशिवाय होत असेल तर प्राणी नको, लागतच असेल तर कमीत कमी, आणि जो लागेल त्याला कमीत कमी त्रास. आज तू ज्या फॉर्मवर 'थ्री आर्स' भरतेस त्या या. त्यातून काय बदललं त्याचं सगळ्यात ढळढळीत उदाहरण म्हणजे एलडी ५०. निम्मे प्राणी मरतील तो डोस शोधायची ही पद्धत ट्रेव्हन नावाच्या शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये आणली आणि कितीतरी दशकं एका रसायनासाठी डझनावारी उंदीर जात राहिले. का? तर आकडा नेमका हवा. तो इतका नेमका कुणालाच नको होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण मागच्या वेळी तसंच होतं. शेवटी २००२ अखेर ओईसीडीने ती मूळ चाचणी यादीतून काढली. आता त्याच कामाला एका टप्प्याला तीन उंदीर पुरतात. बाहेरून आंदोलकांनी रेटलं हे खरंच. पण तिनात काम होतं हे आकड्यांनिशी दाखवायला आतलीच माणसं लागली, ज्यांना दहाव्या, विसाव्या उंदराच्या वेळी टोचत होतं अशी.

मोठमोठे शास्त्रज्ञ कसं जुळवतात, हे तू विचारलंस. देवाच्या अस्तित्वापुरतं म्हणशील तर त्यांना फारसं जुळवावं लागतच नाही. अब्दुस सलाम आणि स्टीव्हन वाइनबर्ग यांनी वीजचुंबकीय बल आणि अणुगर्भातलं क्षीण बल एकाच सूत्रात बांधणारा सिद्धांत एकमेकांपासून स्वतंत्रपणे काढला आणि १९७९ चं नोबेल ग्लॅशो यांच्यासह वाटून घेतलं. सलाम श्रद्धाळू मुसलमान, नोबेलच्या मेजवानीत त्यांनी कुराणातलं वचन म्हटलं. वाइनबर्ग पक्के नास्तिक. समीकरण तेच. जॉर्ज लमेत्र तर कॅथलिक धर्मगुरूच होते. विश्व प्रसरण पावतंय असं त्यांनी १९२७ मध्ये मांडलं, आणि १९५१ मध्ये पोप बाराव्या पायसने 'बघा, विज्ञानानेच निर्मिती सिद्ध केली' अशा सुरात भाषण केलं तेव्हा खट्टू झाले ते लमेत्रच. माझ्या सिद्धांताला धर्माच्या साक्षीला उभं करू नका, ही त्यांची भूमिका होती. आपल्याकडचं म्हणशील तर दसऱ्याला रबाळे ते तुर्भे कुठल्याही लॅबमध्ये डोकाव. एचपीएलसी मशीनला झेंडूची माळ, इन्क्युबेटरवर हळदकुंकवाची बोटं, सेंट्रिफ्यूजपुढे नारळ. तुझ्या सिनियरनेही पेढा खाल्लाच असेल. तेव्हा नाही कुणी म्हणत, मशीन सोड नाहीतर नारळ सोड.

पण तुझी अडचण ती नाहीच. समीकरण सोडवताना कुणी मरत नाही, तुझ्या टेबलावर मरतं. म्हणून सलाम-लमेत्र तुला फार उपयोगाचे नाहीत. तुला उपयोगाचा डार्विन.

एडिनबराला डॉक्टरकी शिकायला गेलेला हा मुलगा भूल न देता केलेली शस्त्रक्रिया बघून पळाला आणि परत त्या खोलीत गेला नाही. कुत्र्यांवर जीव. १८७१ मध्ये त्याने एका तरुण प्राणिशास्त्रज्ञाला पत्रात लिहिलं की शरीरशास्त्राच्या खऱ्या शोधासाठी जिवंत प्राण्यांवर प्रयोग समर्थनीय आहेत, पण नुसत्या कुतूहलासाठी मुळीच नाहीत, आणि या विषयावर आणखी काही लिहीत नाही, नाहीतर आज रात्री झोप लागायची नाही. चार वर्षांनी इंग्लंडात अशा प्रयोगांविरुद्ध मोहीम पेटली. त्याच्या मुलीने, हेन्रिएटाने, अर्ज पुढे केला आणि बाबा, सही करा म्हटलं. त्याने नकार दिला. जिवंत प्राण्यांवरच्या प्रयोगांशिवाय शरीरशास्त्र पुढे जाऊच शकत नाही, असं तिला लिहिलं. मात्र नकार देऊन तो स्वस्थ बसला नाही. त्याच वर्षी, १८७५ मध्ये, प्रयोगांवर नियम घालणाऱ्या विधेयकाचा मसुदा करणाऱ्यांत तो होता. प्रकृती तोळामासा असताना शाही आयोगापुढे जाऊन त्याने साक्ष दिली, आणि भूल देता येत असताना न देता केलेला प्रयोग तिरस्कारणीय आहे असं सांगितलं. पुढच्या वर्षी कायदा झाला.

बघ, त्याने जुळवलं नाही. मुलगी नाराज राहिली, झोपही उडालेलीच राहिली असणार. पण त्या अस्वस्थतेतून त्याने नियम मागितला. तुझी टोचणी तू मात्र रोज सकाळी डबीत घालून लॉकर लावतेस.

आता माझ्या व्यवसायाच्या विरुद्ध एक गोष्ट सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. 'माणसांचे जीव वाचतात' हे वाक्य तुम्हाला पहिल्या दिवशी पढवतात, ते अर्धंच खरं आहे. खरी बाजू अशी: १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड या जंतूंवरच्या औषधाचं गोड सिरप निघालं. प्राण्यांवर तपासणं तेव्हा सक्तीचं नव्हतं. विद्रावक म्हणून वापरलेल्या डायएथिलीन ग्लायकॉलने शंभराहून जास्त माणसं गेली, त्यात मुलं बरीच. एका साध्या उंदीर-चाचणीत ते कळलं असतं. (हेच विष १९८६ मध्ये भेसळीच्या ग्लिसरीनमधून आपल्या जे. जे. रुग्णालयात पोचलं आणि १४ रुग्ण दगावले. चौकशीसाठी नेमलेल्या लेंटिन आयोगाने तेव्हा कुणाकुणाच्या सह्यांची लक्तरं काढली, ते आमच्या पिढीला अजून आठवतं.) आणि दुसरी बाजू: २००६ मध्ये लंडनला टीजीएन १४१२ नावाचं औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना दिलं. माकडांना सुरक्षित ठरलेल्या डोसच्या ५०० पट कमी. सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. तेव्हा तुझा उंदीर प्रत्येक वेळी कुणाला वाचवतो असं स्वतःला समजावू नकोस. तो काही वेळा वाचवतो, काही वेळा फसवतो, आणि काही वेळा फाइलमध्ये एक पान वाढावं एवढ्यासाठीच मरतो. त्या शेवटच्या प्रकारावर तुझं लक्ष हवं.

हाताबद्दलही बोलते. तुमच्याकडे छोटे उंदीर शेपटीने उचलतात का? २०१० मध्ये लिव्हरपूल विद्यापीठातल्या हर्स्ट आणि वेस्ट यांनी दाखवलं की शेपटीला धरून उचललेले उंदीर भेदरलेले राहतात, नळीतून किंवा ओंजळीत उचललेले निवांत असतात. भेदरलेल्या जनावराचा डेटाही भेदरलेलाच येतो. प्लास्टिकच्या नळीला फार पैसे पडत नाहीत. यासाठी माळ लागत नाही, पण माळकरी मुलीने हे आधी सुचवावं असं मला वाटतं.

एकादशीची अदलाबदल मला फारशी पटत नाही. चेष्टा करणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस, माझी हरकत वेगळी आहे. एकादशीला उंदीर मरायचा राहत नाही, फक्त दुसऱ्याच्या हातून मरतो. त्याचा हात तुझ्याइतका हलका आहे का? मारताना गॅस सावकाश सोडतो का, की घाईत असतो? तो हात चांगला असेल तर खुशाल बदल ड्यूटी, कुणाच्या बापाचं काही जात नाही. नसेल तर त्या दिवशी उपास तुझा आणि त्रास उंदराचा.

माळेबद्दल मी निकाल देणार नाही. माझ्या खात्यातला तो विषय नाही. लाकडी मणी आत न्यायचे नाहीत हा नियम जंतुसंसर्गाचा आहे आणि तो पाळलाच पाहिजे. रोज काढून ठेवलेली चालते का, हे ज्यांच्या हातून माळ घातलीस त्या महाराजांना विचार. मात्र तोंड भरून विचार: कुठे काम करते, काय करते, सगळं. अर्धवट विचारलंस तर उत्तरही अर्धवटच मिळेल.

आणि इथून आपण अण्णांकडे येतो. ढोंगाचा प्रश्न तू विचारलास. माळ घालून उंदीर मारण्यात मला ढोंग दिसत नाही, ताण दिसतो. 'कॉम्प्युटरवर रिपोर्ट' यात थोडं आहे. वर आई त्यात अडकली आहे. तिलाही घरात रोज दोन तोंडांनी बोलावं लागतं.

सांग त्यांना. धान्य बाजारात ज्याची हयात गेली, त्या माणसाला उंदीर मारणं म्हणजे काय ते समजावायला नको. गोदामात पोत्यांच्या थप्पीमागे औषध कोण ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी काय उचलावं लागतं, ते त्यांनी तुझ्या जन्माआधीपासून पाहिलंय. मला तर वाटतं, त्यांनी त्याबद्दल कधी कुणाजवळ तोंड उघडलं नसेल. तुम्हा दोघांना बोलायला विषय आहे. एकादशी टाळ, पाहुणे असतील तो दिवस टाळ. आईला मध्ये घालू नकोस. आणि एक युक्तिवाद अजिबात वापरू नकोस: 'तुमच्या गोळ्यापण अशाच तपासलेल्या असतात.' खरा आहे तो. कॅप्सूलच्या जिलेटिनपासून अ‍ॅन्जिओप्लास्टीला देतात त्या हेपॅरिनपर्यंत, जे डुकराच्या आतड्यापासून काढतात, माळकऱ्याच्या पोटात न कळत बरंच काही जातं. पण तो बापाच्या अंगावर फेकायचा दगड नाही. त्याने ते गप्प होतील, आणि तुला हवंय त्यांनी बोलणं. तुझ्या हातांना काय करावं लागतं ते सांग. ती मादी सांग. साताऱ्याकडे बेंदराला ज्या बैलांच्या पाया पडतात त्यांनाच वर्षभर आसूडही बसतो, हे ज्या माणसाने लहानपणी पाहिलंय, त्याला तुझी गोष्ट कळणार नाही असं धरून चालू नकोस. चार दिवस ते जेवताना बोलणार नाहीत, ही तयारी ठेव. 'सोड ती नोकरी' म्हणाले तर लगेच हो म्हणू नकोस, वादही घालू नकोस. विचार करते म्हण, आणि खरंच कर.

जपानमधल्या अनेक संशोधन संस्थांत वर्षातून एकदा प्रयोगात गेलेल्या प्राण्यांसाठी शोकसभा होते, मोठे प्राध्यापकही मान खाली घालून उभे राहतात. रशियात नोव्होसिबिर्स्कला २०१३ मध्ये प्रयोगशाळेतल्या उंदराचा पुतळा बसवला, चष्मा लावून डीएनए विणत बसलेला. तुमच्या लॅबमध्ये असं काही सुरू करावंसं वाटलं तर कर, मी हसणार नाही. मात्र आधी शनिवार-रविवारचं बघ.

राहिली नोकरी. जोसेफ रॉटब्लाट हा पोलिश भौतिकशास्त्रज्ञ अमेरिकेच्या अणुबाँबच्या प्रकल्पात गेला तो हिटलर आधी बाँब बनवेल या भीतीने. १९४४ च्या अखेरीस जर्मनी बाँब बनवत नाहीये हे कळलं, आणि तो निघून गेला. पुढे आयुष्यभर वैद्यकीय भौतिकीत काम केलं, अण्वस्त्रांविरुद्ध झगडला, १९९५ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. सगळं चांगलंच. पण मला त्यातलं आवडतं ते एवढंच की आपण आत कशासाठी आलो, हे त्याने लक्षात ठेवलं होतं, आणि ते कारण संपल्यावर नवं कारण शोधत बसला नाही. तू कशासाठी गेलीस? विषय आवडतो म्हणून, की बेलापूर पट्ट्यात एम.एस्सी.ला मिळण्यासारखी तीच एक नोकरी होती म्हणून? दोन्ही उत्तरं चालतील, पण पुढचा रस्ता दोन्हींचा वेगळा.

'मी सोडलं तर माझ्या जागी कुणी निर्दयी येईल' असं स्वतःला फार काळ सांगत बसू नकोस. या वाक्याने माणूस कुठेही आणि कितीही वर्षं टिकतो. त्याला हद्द घाल. माझ्या मते ती अशी: पशुवैद्याकडे आणि कमिटीकडे लेखी मांडूनसुद्धा पुढची एखादी मादी पुन्हा सोमवारपर्यंत तशीच ठेवली गेली, तर सोड. तेव्हा मात्र महिनाभर रेंगाळू नकोस. बाहेर दारं आहेत. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी भारतात २०१४ पासून बंद आहे, आणि मार्च २०२३ मध्ये औषधांच्या नियमांतही दुरुस्ती होऊन पेशी, ऑर्गनॉइड (पेशींपासून वाढवलेले इवलेसे अवयव), चिपवरचे अवयव अशा पर्यायी पद्धतींना जागा मिळाली. त्या कामाला उंदीर नीट ओळखणारी माणसं लागतात, कारण तुलना शेवटी त्याच्याशीच करायची असते. इन व्हिट्रो (प्राण्याऐवजी पेशींवर काम करणारा) विभाग, क्यूए (गुणवत्ता तपासणी), पॅथॉलॉजी, कुठेही तुझा हात वाया जाणार नाही. पगार सुरुवातीला कमी मिळेल, हे धरून चाल.

राजीनामा मात्र आज लिहू नकोस. उद्या लॅबला गेलीस की चालू स्टडीच्या मंजूर प्रोटोकॉलची प्रत मागून घे, ह्यूमेन एंडपॉइंटचा परिच्छेद काढ, त्यात वजन किती टक्के उतरल्यावर थांबायचं ते बघ, आणि शनिवारी-रविवारी फोन कुणाला करायचा ते नाव आणि नंबर शीटच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेव. नाव ठरलेलंच नसेल, तर कमिटीपुढचा तुझा पहिला मुद्दा तोच.